दोन ट्रॉल्यांचं सामान

रविराजनं तीन गाड्यांची चौकशी करून आणली होती. बायनाबाईंनी हातातला चहा संपायच्या आत तिन्हींची वासलात लावली.

"छोट्या हत्तीत काय बसंल? एकटं कपाट, तेबी गुडघे मुडपून."

"मंग पिकअप हाय. दोन खेपा होतील."

"दोन खेपा म्हंजी दोनदा त्या दारात जायचं. हितं एकदा जायला पाय उचलंना झालाय."

तिसरी गाडी रविराजनं मुद्दाम शेवटाला ठेवली होती, कारण मनात ठरवून आला होता तो तीच. "आपल्या चौसाळ्यातलाच टेंपो हाय, आई. चौदा फुटी, बंद बॉडीचा. पलंग, कपाट, फ्रीज, समदं एका खेपेत. वरून झाकलेलं. ऊन न्हाई, धूळ न्हाई. सकाळी निघालो की दुपारच्याला माघारी."

"झाकून कावून?"

"कपाटाला वरखडे पडत न्हाईत."

"रव्या, माझ्याकडं बघून बोल. कपाटासाठी झाकायलास का लोकांसाठी?"

रविराजनं बशीतल्या चहाकडं बघितलं. "रस्त्यानं लोक इचारत्यात, आई. कुणाकुणाला सांगत बसायचं?"

"मी सांगन. आपुन काय चोरी केली न्हाई. वाजतगाजत गेलंय ते सामान, उघड्यावर गेलंय. गेलं तसंच येईल. बंकटला बोलीव. म्हणावं, ट्रॅक्टरचं हेड घी आन दोन्ही ट्रॉल्या जोड."

सामान सायलीचं होतं. बायनाबाईंची धाकटी. गेल्या दसऱ्याला कावीळ झाली, आधी अंगावर काढली, मग दवाखाना केला आणि भाऊबीजेला रविराज ओवाळून घ्यायला जायचा तो खांदा द्यायला गेला. अठ्ठावीस वर्षांची होती. मागं पाच वर्षांची वैष्णवी.

चौदाव्यालाच बायनाबाईंनी पोरगी मागितली होती. "मला द्या, मी वाढवते," म्हणाल्या होत्या. बापाचं घर असताना लेकरू आजोळी कसं धाडायचं, असं सायलीच्या सासरची, दिंद्रुडची चार माणसं बोलली, आणि ते खोटंही नव्हतं. बायनाबाई रिकाम्या हातानं परतल्या. त्यानंतर पाच महिन्यांनी जावयाचा, विजयसिंहचा फोन आला. दुसरं लग्न ठरलं होतं, वैशाखात. नवरीकडचं सामान येणार, घरात झोपायची खोली एकच, तेव्हा पहिलं सामान घेऊन जावं. फोन रविराजला आला होता. आईला सांगायला त्यानं दोन दिवस घेतले, आणि सांगितलं तेव्हा बायनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. फक्त म्हणाल्या, "चमचासुदिक ठिवायचा न्हाई त्या घरात. सायलीच्या चमच्यानं दुसरीनं साखर ढवळायची न्हाई."

लेकरू दिलं नाही ना, मग सामान तरी अर्धं ठेवायचं नाही. एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

सात वर्षांमागं हेच सामान इथून निघालं तेव्हा चौसाळ्यात लोक ओट्यावर येऊन बघत होते. लेकीच्या लग्नात भांडीकुंडी, पलंग, कपाट सगळेच देतात, पण ते जातं एका टेंपोत कोंबून. बायनाबाईंनी एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडायला लावल्या. पहिलीत मोठं सामान, दुसरीत भांडी आणि बारीकसारीक, सगळं ऐसपैस मांडून, म्हणजे रस्त्यानं मोजणाऱ्याला नीट मोजता यावं. फ्रीजला झेंडूची माळ घातली होती. पुढं बँड. बंकटच ट्रॅक्टरवर होता, डोक्याला फेटा बांधून. नंतर कितीतरी दिवस बाया विहिरीवर, दळणावर बोलायच्या, की बायनाबाईनं दोन ट्रॉल्या दिल्या. बायनाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि घरी आल्यावर रविराजला शब्दनशब्द सांगायच्या.

बंकट आला, उंबऱ्याशी बसला. उसाचा हंगाम सरला होता, ट्रॉल्या पिंपळाखाली खालीच उभ्या होत्या.

"काकू, न्यायला काय, कवाबी नेतो," तो म्हणाला. "पर ऐका एक. दोन ट्रॉल्या उसाला ठीक हाईत. सरळ कारखान्यावर जायचं, सरळ यायचं. मागं घेता येत न्हाईत त्या. एक ट्रॉली रिवस येती. दुसरी जोडली की ती आपल्या मनानं वाकडी होती आन पैलीच्या अंगावर येती. येकदा निघालं की पुढंच जावं लागतं."

"आपल्याला मागं कावून यायचंय?"

"तसं न्हाई. टेंपो बरा पडला असता, असं आपलं."

"तुला रव्यानं शिकवून धाडलं का?"

बंकटनं रविराजकडं बघितलं, रविराजनं भिंतीकडं.

"पहाटं निघू," बंकट म्हणाला.

बाईमाणसानं असल्या कामाला जाऊ नये म्हणतात. सामान आणायला पुरुष जातात, बाई घरी थांबते, दारात गाडी लागली की रडते. बायनाबाई पहिल्या ट्रॉलीत सतरंजी टाकून बसल्या, रविराज पुढं बंकटशेजारी. तोंड मागं करून बसल्या होत्या, म्हणजे मागची रिकामी ट्रॉली सगळ्या वाटेनं त्यांच्या डोळ्यांपुढं खडखडत होती. लग्नाच्या वेळी त्या या वाटेनं आल्या नव्हत्या, आईनं सामानाबरोबर यायचं नसतं. सामान कसं पोचलं ते त्यांनी ऐकलेलं होतं, बघितलेलं नव्हतं.

आणि तिथंच चुकलं. लग्नाच्या वेळी दोन्ही ट्रॉल्या दिंद्रुडच्या शाळेपुढच्या पटांगणात उभ्या केल्या होत्या आणि गावातल्या पोरांनी एकेक वस्तू डोक्यावरून घरी नेली होती. विजयसिंहची गल्ली पुढं बंद आहे आणि तिच्यात बैलगाडी वळते ती पण बैल सोडून, हे बंकटला आठवलं. तो पटांगणाशी थांबला.

"काकू, हितंच लावू. माणसं लावून आणू सामान."

"कोण आणंल? लग्नाची पोरं आता यायची का? आन भर गावातनं माझ्या लेकीचा पलंग लोकांच्या डोक्यावरनं मिरवायचा? दारात घी."

"दुसरी ट्रॉली तरी हितं सोडतो."

"दोन्ही घी."

घेतल्या. ट्रॅक्टर गल्लीच्या टोकाला भिंतीशी जाऊन थांबला आणि दोन्ही ट्रॉल्या मागं बाटलीला बूच बसावं तशा बसल्या. एक मोटारसायकलवाला घरातच अडकला. ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "बंकटा, आता हितंच ऱ्हातूस का बे?" बंकट खाली उतरला. त्यानं मागच्या ट्रॉलीच्या जोडाची पिन काढली, मग गल्लीतल्याच सात-आठ जणांनी दुसरी ट्रॉली हातांनी ढकलत पटांगणापर्यंत मागं नेली, मग पहिली बंकटनं इंचाइंचानं मागं काढली. ढकलताना कुणी हसलं नाही. सायलीचं सामान चाललंय हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी व्हायचं तेच झालं, सामान माणसांच्या डोक्यावरूनच पटांगणात गेलं. बायनाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि घरात शिरल्या.

मनकर्णाबाई, विजयसिंहची आई, चुलीपाशी होती. उठून आली, दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढं केला तो बायनाबाईंनी घेतला, ओठाला लावला, ठेवला.

"भाकर टाकलीय, इहीणबाई. खाऊन जावा."

"सामान भरायचंय."

पलंग विजयसिंहनं आधीच खोलून ठेवला होता. पाना हातात धरून कपाटाशी उभा होता. वाळला होता. बायनाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "जावईबापू, घाई केली."

"लेकरू हाय, आई. हिचं बी वय झालं," त्यानं चुलीकडं मान केली. "कोण बघंल?"

मी बघणार होते, हे बायनाबाईंच्या जिभेवर आलं. पण त्यांनी भांड्यांची फळी दाखवली. "हे काढा आधी."

बायनाबाईंची शाळा दुसरीपर्यंत. एसटीची पाटी त्या अजून दुसऱ्याला विचारतात. पण एक नाव त्यांना वाचता यायचं. लग्नाआधी बीडच्या दुकानात बसून त्यांनी प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेतलं होतं, टिकटिक टिकटिक मशीन चालायचं आणि अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी उमटायची. तीन तास त्या तिथं बसल्या होत्या, एक चमचा सुटू दिला नव्हता. आता खाली बसून त्या एकेक भांडं उलटं करून बघत होत्या. सा, य, ली. हे आपलं. सा, य, ली. हे बी. एका पातेल्याचं बूड घासून घासून नाव जवळजवळ गेलं होतं. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि तेही पोत्यात टाकलं.

आरशाच्या टेबलाला हात लावायला दोघं आले तेव्हा आरशाच्या कोपऱ्यात तीन टिकल्या चिकटवलेल्या होत्या, दोन लाल आणि एक काळी. सायली अंघोळीला जाताना काढून लावायची. कुणी काढल्या नव्हत्या. बायनाबाईंनी पण काढल्या नाहीत.

वैष्णवी सगळं बघत हिंडत होती. दारात ट्रॅक्टर आल्याचा तिला आनंद झाला होता, बंकटनं तिला एकदा सीटवर बसवलंही होतं. घर रिकामं होत गेलं तशी ती आत आली. गादी गुंडाळली, चादरी गेल्या, एक उशी गेली. दुसरी तिच्या हातात होती. दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, हनुवटी वर टेकवून. अभ्र्यावर मोर भरलेला होता, सायलीनं लग्नाआधीच्या उन्हाळ्यात भरलेला, एका उशीवर मोर आणि एकीवर लांडोर.

"दे बाळा," बायनाबाई म्हणाल्या. "गाडी भरायचीय."

"ती उशी तिला..." मनकर्णाबाईंनी चुलीपासून तोंड उघडलं.

"जोडीची हाय."

मनकर्णाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या लेकराला काहीतरी देता येतं, दटावता येतं. ती रडली नाही. तिनं आजीकडं बघितलं, हात सैल केले आणि उशी दिली. मग विचारलं, "आज्जी, आता मम्मी तुमच्याकडं झोपनार का?"

बायनाबाईंच्या तोंडाला उत्तर कधी कमी पडलं नव्हतं. तलाठ्याला, सरपंचाला, भर बाजारात बोहारणीला त्यांनी जागच्या जागी गप्प केलेलं होतं. त्या म्हणाल्या, "गाडी भरू दे," आणि उशी घेऊन बाहेर पडल्या.

भाकरी त्यांनी खाल्ली नाही. मनकर्णाबाईंनी फडक्यात बांधून बंकटजवळ दिली.

माघारी निघाले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बायनाबाई पहिल्या ट्रॉलीत, पलंगाच्या फळ्यांना पाठ लावून, तोंड मागं करून. मागच्या ट्रॉलीत आरसा त्यांच्याकडं तोंड करून बांधलेला. रस्त्याचा खड्डा आला की आरशातलं आभाळ हलायचं.

तेलगावच्या चौकात पानपट्टीवरचा एक जण ओरडला, "बंकटशेठ, वऱ्हाड कुठलं?" बंकटनं न ऐकल्यासारखं केलं. पुढं एका वस्तीवर पोरं ट्रॉलीमागं पळत आली. नवरी कुठंय, नवरी कुठंय, करत लांबपर्यंत आली. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका नवराबायकोनं वेग कमी केला, बाईनं पलंगाकडं, कपाटाकडं, फ्रीजकडं बघून नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसून पुढं गेली. उन्हाळ्यात ट्रॅक्टरवर नवं-जुनं असलं सामान दिसलं की माणसाला दुसरं काही सुचतच नाही. आणि बायनाबाईंनी तर सात वर्षं जपायला लावलं होतं, सामान अजून नव्यासारखंच दिसत होतं.

मी सांगन, म्हणाल्या होत्या त्या. कुणालाच सांगितलं नाही.

वडवणीत बंकटनं पाण्यासाठी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. झाडाखाली एक बाई टोपलीत काकड्या घेऊन बसली होती, बायनाबाईंच्याच वयाची, दात पुढचे गेलेले. ती उठून ट्रॉलीपाशी आली, फळकुटावर हात ठेवला, दोन्ही ट्रॉल्या नजरेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितल्या.

"लगीन कुणाचं वो बाई? लेकीचं का?"

बायनाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. रविराज खाली उतरून बाटली भरत होता, तो तिथंच थांबला. आई आता या म्हातारीला काय बोलते याची त्यालाच भीती वाटली.

"व्हय," बायनाबाई म्हणाल्या. "लेकीचं."

"दोन ट्रॉल्या," ती बाई म्हणाली. "लई केलं बया लेकीसाठी. तुझ्यासारखी माय सगळ्यांना भेटावी." तिनं दोन काकड्या पदराला पुसून ट्रॉलीत ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत. "लगनाच्या सामानाला रिकामं जाऊ देत न्हाईत. सुखानं नांदू दे."

ती गेल्यावर बायनाबाईंनी काकड्या उचलल्या नाहीत. मांडीखाली कधीपासून उशी होती, ती त्यांनी बाहेर ओढली. मोराचीच होती. चढताना हातातली कुठं ठेवायची म्हणून खाली घेतली असेल. अभ्र्याच्या एका कोपऱ्याला सगळा रंग उडून चिंधी झाली होती, धाग्यांचा गुंता, अजून ओलसर. लेकरानं तोंडात धरून धरून तसा केला होता. दुसऱ्या कोपऱ्याला त्यांनी नाक नेलं आणि लगेच बाजूला केलं. तेलाचा वास अजून होता, सायली लावायची ते आवळ्याचं.

"बंकट," त्यांनी हाक मारली. "वळीव गाडी."

बंकट सीटवरून मागं वळला. "काय म्हणल्या?"

"दिंद्रुडला घी."

"काकू, हितं कशी वळंल? दोन ट्रॉल्या हाईत. पाठीमागनं ट्रकावर ट्रक येत्यात. पुढं मोकळं पटांगण लागंल तिथं वळवावं लागंल, आन ते कुठं लागंल काय माहीत. तवर चार-पाच मैल गेलो."

"आई, काय झालं?" रविराज म्हणाला. त्यानं उशी बघितली. मग म्हणाला, "उद्या मी मोटारसायकलवर नेऊन देतो."

"उद्या. आन आज ती कशावर झोपंल?"

मागनं येणाऱ्या ट्रकवाल्यानं हॉर्न धरून ठेवला. बायनाबाई फळकुटाला धरून उठल्या. रविराजनं हात दिला तो त्यांनी आज घेतला, एरवी घेतला नसता.

"तुझा टेंपो वळला असता," त्या खाली उतरताना म्हणाल्या.

रविराजनं आयुष्यात कितीदातरी या वाक्याची वाट बघितली होती, कुठल्या ना कुठल्या रूपात. आता ते आल्यावर त्याला कुठं बघावं कळेना.

"परळीची एसटी येती हितनं. मी जाते तिनं."

"एकटी? आन हे सामान? गावात समदे वाट बघत असतील, आई. उतरवून घेताना तू नसलीस तर..."

"तुझ्याकडं ताडपत्री हाय?"

"हाय."

"झाक. दोन्ही झाक. आन मागच्या शेडात उतरव, दारात नको." त्यांनी पदराला उशी पुसली, जणू तिला धूळ लागली होती. "भाकरीचं फडकं दे इकडं. बंकट, तू खाल्लीस का त्यातली?"

"न्हाई, काकू."

"एक काढून घी. उरलेल्या मला दे."

ताडपत्री बांधायला दोघांना बराच वेळ लागला. वाऱ्यानं फुगायची. एसटी आली तेव्हा मागच्या ट्रॉलीची एक बाजू उघडीच होती आणि कपाटाचा निळा कोपरा दिसत होता. बायनाबाई उशी काखेत आणि फडकं हातात घेऊन चढल्या. खिडकीतून त्यांनी बघितलं, दोन्ही ट्रॉल्या हलल्या, पुढची मग मागची, आणि चौसाळ्याच्या बाजूनं गेल्या. एसटी उलट्या बाजूनं निघाली.

कंडक्टर आला. पोरगेलासा होता, चेष्टेखोर. "मावशी, उशी घिऊन चालल्याव? आमच्या गाडीत झोप येत न्हाई का?"

"तुझी गाडी हाय का पाळणा? दिंद्रुड एक दे."

त्यानं हसून तिकीट फाडलं. "मुक्कामाला का?"

बायनाबाईंनी तिकीट उशीच्या अभ्र्यात सरकवलं, मोराच्या खाली. फडक्यातली भाकर अजून कोमट होती.

"इहीणबाई ऱ्हा म्हणल्या तर ऱ्हायचं," त्या म्हणाल्या.